माणसाच्या जनुकाची परीक्षा यीस्ट घेते!

पाव फुगवणारे यीस्ट म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्याला ना मेंदू, ना हृदय, ना रक्त. तरीही माणसाच्या काही आनुवंशिक रोगांचा उलगडा करताना शास्त्रज्ञ त्याची मदत घेतात. ते कसे, हे आज पाहू.

शरीरातले प्रत्येक प्रथिन कसे तयार करायचे, याची कृती जनुकात असते. यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुके आहेत. त्यांतली बरीच माणसाच्या जनुकांसारखी दिसतात. पण दिसायला सारखी म्हणून कामालाही सारखी, असे धरून चालत नाही. त्यासाठी परीक्षा घ्यावी लागते. यीस्टचे एखादे आवश्यक जनुक काढले की त्याची वाढ थांबते. त्या जागी माणसाचे तसेच जनुक घालायचे. वाढ पुन्हा सुरू झाली, तर दोन्ही जनुकांचे काम एकच!

१९८७ साली ब्रिटनमध्ये मेलानी ली व पॉल नर्स यांनी पेशीविभाजनाच्या जनुकाबाबत हेच दाखवले. ते यीस्ट पावातल्या यीस्टहून वेगळ्या जातीचे होते. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात नर्स यांचा वाटा होता. २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी पावाच्या यीस्टमधील ४१४ जनुकांवर असा प्रयोग केला. जवळपास निम्म्या ठिकाणी माणसाच्या जनुकाने काम निभावले.

रुग्णाला याचा काय उपयोग? होमोसिस्टिन्युरिया या रोगाचे उदाहरण घेऊ. त्यात होमोसिस्टीन हे द्रव्य रक्तात साचते. डोळ्यातले भिंग सरकते, हाडे कमजोर होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा रोग होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्न झाल्यास त्याचा धोका वाढतो.

या रोगात बिघडणारे जनुक यीस्टमध्येही आहे. ते काढून तिथे रुग्णातील बदललेले जनुक घातले, की बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे यीस्टच्या वाढीवरून कळते. काही बदलांत ब-६ जीवनसत्त्व जास्त दिल्यावरच यीस्ट नीट वाढते. रुग्णांचेही तसेच आहे. जवळपास निम्म्या रुग्णांना ब-६ चा गुण येतो, बाकीच्यांना मुख्यतः आहाराचे कडक पथ्य व इतर औषधे लागतात.

जनुक तपासणीच्या अहवालात कधी कधी 'बदल आढळला, परंतु अर्थ अनिश्चित' असा शेरा असतो. तो वाचून घाबरू नये. तो रोगाचा शिक्का नव्हे. अशा बदलांचा अर्थ लावायला यीस्टचे प्रयोग उपयोगी पडतात. पण यीस्टला डोळे नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. म्हणून त्याचा कौल हा एक पुरावा मानावा. रुग्णाची तपासणी आणि रक्तातील होमोसिस्टीनचे प्रमाण पाहूनच निदान करावे लागते.

आणि हो, हे वाचून ब-६ च्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्याच गोळ्या मज्जातंतूंना इजा करतात.