पटसंख्येपासून पगारापर्यंत

अमेरिकेत शाळकरी मुलांना हातातलं काम शिकवण्यासाठी केंद्र सरकारने मोठ्या प्रमाणावर पैसा द्यायला सुरुवात केली ती १९१७ साली, स्मिथ-ह्यूज कायद्याने. शेती, कारखान्यातले धंदे आणि गृहशास्त्र हे त्यातले विषय. हिशेब द्यायचा तो मुख्यतः किती मुलं बसली, किती शिक्षक नेमले, किती पैसे लागले याचा. बाहेर पडलेला मुलगा लेथवर उभा राहिला की घरी बसला, हे वॉशिंग्टनने बरीच वर्षं फारसं विचारलं नाही. हुशार ठरलेल्यांनी कॉलेजला जायचं, उरलेल्यांना कार्यशाळेत धाडायचं, आणि या उरलेल्यांत गरिबाघरची आणि कृष्णवर्णीय मुलं जास्त, ही वाटणी सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं वाटत नाही.

केंटकीचे खासदार कार्ल पर्किन्स ऑगस्ट १९८४ मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात याच शिक्षणासाठी त्यांच्या नावाने नवा कायदा झाला. कामगिरी मोजण्याचा आग्रह आला तो त्यानंतरच्या दुरुस्त्यांतून. १९९० साली राज्यांना मापनाची पद्धत बसवायला सांगितली गेली. १९९८ च्या कायद्यात चार मुख्य निकष आले: अभ्यासातली आणि धंद्यातली कौशल्यं, पदविका किंवा प्रमाणपत्र, पुढचं शिक्षण किंवा नोकरी, आणि मुलींनी वेल्डिंगसारखे, मुलांनी नर्सिंगसारखे आपल्याकडून अपेक्षित नसलेले अभ्यासक्रम किती घेतले ते. २००६ च्या चौथ्या आवृत्तीत ही जबाबदारी राज्यावरून खाली, प्रत्येक स्थानिक शिक्षण जिल्ह्यापर्यंत आली. ठरलेल्या उद्दिष्टाच्या ९० टक्क्यांपर्यंतही मजल गेली नाही, तर सुधारणेचा आराखडा लिहून द्यायचा आणि तरीही हललं नाही, तर निधीवर गदा.

कागदावर हे चोख दिसतं. गोम मोजणीच्या पहिल्याच पायरीवर होती. कोणत्या मुलाला ‘या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी’ म्हणायचं, हे प्रत्येक राज्य आपापल्या सोयीने ठरवत होतं. कुठे कमी तासिका पुरत, कुठे जास्त लागत. जिथे व्याख्या कडक, तिथला उत्तीर्णतेचा आकडा आपोआप देखणा, कारण अधेमधे गळालेली मुलं हिशेबात शिरतच नाहीत. एकाच विषयाचे ओळीने तीन-चार कोर्स पुरे करणारा मुलगा बारावी पार करणारच. त्यात कार्यशाळेचं कर्तृत्व किती आणि त्या मुलाच्या चिकाटीचं किती, हे असल्या तक्त्यातून कळत नाही. तरी वर्षानुवर्षं हे तक्ते शेजारी-शेजारी ठेवून राज्यांची तुलना होत राहिली.

खरी माहिती मिळाली ती या सक्तीच्या तक्त्यांबाहेर. फिलाडेल्फियात १९६९ साली ‘करिअर अकॅडमी’ नावाचा प्रयोग सुरू झाला होता. मोठ्या हायस्कुलात दीड-दोनशे मुलांचा छोटा गट, तेच शिक्षक काही वर्षं सलग, नेहमीच्या विषयांना एखाद्या व्यवसायाची जोड आणि गावातल्या कंपन्यांशी संबंध, अशी त्याची रचना. हा नमुना देशभर पसरल्यावर १९९३ साली एमडीआरसी या संशोधन संस्थेने नऊ शाळा निवडल्या. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली अशी मिळून सतराशेहून अधिक मुलं संस्थेने वर्षानुवर्षं धरून ठेवली. प्रवेश नशिबाने मिळालेला असल्यामुळे ‘मुळात हुशार मुलंच तिकडे गेली’ ही पळवाट उरली नाही.

२००० साली आलेले निष्कर्ष निराश करणारे होते. प्रमाणित चाचण्यांच्या गुणांत दोन्ही गटांत फरक नाही. पुढे बारावी पार करण्याच्या प्रमाणातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याचे दिवस येत होते. वाचन आणि गणिताच्या गुणांवर शाळेची पत ठरणार होती. त्या कसोटीवर अकॅडम्या नापासच म्हणायच्या. पण संस्थेने पाठपुरावा सोडला नाही. शाळा संपायला हवी होती त्यानंतर आठ वर्षांनी, २००८ च्या अहवालात, अकॅडमीच्या मुलांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ११ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सुमारे २,०८८ डॉलरनी जास्त निघाली. मुलग्यांत हा फरक १७ टक्के होता, मुलींत मात्र ठोस फरक दिसला नाही. जोडीदार आणि मुलांसह स्वतंत्र संसार थाटलेल्यांचं प्रमाणही अकॅडमीच्या गटात अधिक होतं. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच. दोन-तीन वर्षांतच निकाल मागणाऱ्या कुठल्याही सरकारने हा कार्यक्रम गुंडाळला असता.

कनेटिकटच्या सोळा तांत्रिक हायस्कुलांच्या अभ्यासातही पुढे असंच काहीसं दिसलं. प्रवेशाच्या कटऑफच्या थोडे वर आणि थोडे खाली राहिलेले मुलगे ताडून पाहिले, तर आत गेलेल्यांचं बारावी पार करण्याचं प्रमाण सुमारे १० टक्के-बिंदूंनी जास्त आणि नंतरची कमाई जवळपास ३० टक्क्यांनी अधिक. मुलींच्या बाबतीत इथेही तसा फायदा आढळला नाही. तो का नाही, हा प्रश्न अहवालांच्या तळटिपांत पडून राहावा असा नक्कीच नाही.

वर्गात फरक पाडणारा अभ्यास म्हणाल तर २००६ साली अहवाल आलेला गणिताचा. धंदा शिकणाऱ्या मुलांचं गणित कच्चं, हे आकडे आधीपासून ओरडून सांगत होते. उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी कार्यशाळेचे तास कापून गणिताचे जादा तास लावले जात. इथे उलटं केलं. धंदा शिकवणारा शिक्षक आणि गणिताचा शिक्षक अशा जोड्या लावल्या आणि अभ्यासक्रमात मुळातच दडलेलं गणित त्यांनी मिळून शोधलं. भिंतीचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे तीन-चार-पाचच्या मापाने तपासणारा गवंडी पायथागोरसच वापरतो; ते फळ्यावर मांडून दाखवायचं, एवढंच. वर्षअखेरीस तीन प्रकारच्या गणित चाचण्यांपैकी दोहोंत ही मुलं पुढे निघाली आणि धंद्यातलं कौशल्य तसूभरही घटलं नाही.

फ्लोरिडाने २००७ साली वेगळी वाट धरली. विद्यार्थ्याने उद्योगमान्य प्रमाणपत्र मिळवलं की शाळेला जादा निधी, आणि पुढे शिक्षकालाही बक्षिसी. प्रमाणपत्रांची संख्या भराभर वाढली. इतर राज्यांनीही तेच आपापल्या परीने गिरवलं. मग २०१९ नंतर दोन संस्थांनी अनेक राज्यांतली प्रमाणपत्रं आणि नोकरीच्या जाहिराती एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मुलांनी मिळवलेल्यांपैकी एक पंचमांशाहूनही कमी प्रमाणपत्रांना मालकवर्गाकडून मागणी असल्याचं निघालं. पैसे ज्याला लावाल ते पिकतं. सोपी प्रमाणपत्रं अमाप पिकली.

नोकरीचा आकडाही वाटतो तितका सरळ नाही. बरीच राज्यं तो बेकारी विम्यासाठी मालकांनी भरलेल्या पगाराच्या नोंदींतून काढतात. शेजारच्या राज्यात कामाला गेलेला, लष्करात भरती झालेला किंवा स्वतःची प्लंबिंगची गाडी फिरवणारा तरुण त्या नोंदींत नसतोच. म्हणजे ज्याने धंदा शिकून स्वतःचा धंदा काढला, तो सरकारी हिशेबात बेपत्ता!

पर्किन्स कायद्याच्या २०१८ च्या पाचव्या आवृत्तीने यातल्या काही चुका निस्तरल्या. एका विषयाचे किमान दोन कोर्स पुरे केले की तो त्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, ही व्याख्या सगळ्या राज्यांना लागू झाली. दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचा आढावा सक्तीचा झाला, आणि त्याला शिक्षक, पालक, कारखानदार एकत्र बसवणं आलं. आकडे लिंग, वंश, अपंगत्व, गरिबी यांनुसार सुटे करून पाहायचे. हे मला कायद्यातलं सर्वांत उपयोगाचं कलम वाटतं, कारण सरासरीत न दिसणारी मुलं त्यात दिसतात. नव्या योजना जुलै २०२० पासून लागू झाल्या त्या नेमक्या महासाथीत, कार्यशाळांना कुलपं असताना. सुरुवातीचे आकडे त्यामुळे जपूनच वाचावे लागतात. २०२५ मध्ये तर या कायद्याचा कारभार कामगार खात्याकडे सोपवायला सुरुवात झाली आणि शिक्षणाची राष्ट्रीय आकडेवारी ठेवणारं केंद्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांवर आलं.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अमेरिकेचा उल्लेख आहे: १९ ते २४ वयोगटातल्या औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचं प्रमाण तिथे ५२ टक्के, आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी. त्यावर धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. हीसुद्धा पटसंख्याच झाली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांना एवढंच सुचवावंसं वाटतं: मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला निकालानंतर सहा महिन्यांनी फोन करा, कोण कुठे काय करतं ते एका वहीत लिहा, आणि ती वही वर पाठवण्याआधी आपल्याच शिक्षकांच्या बैठकीत वाचा.