रस्त्यावरून दिसणारं हिरवं

आमच्या बोरी अरबात द्राक्षं म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू होती. तिचा वेल कसा असतो, मळा कसा दिसतो, हे आम्हा पोरांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं आमचं गाव. भोवती काळी जमीन आणि तिच्यात पऱ्हाटी, तूर, ज्वारी. डोंगर आणि द्राक्षं ही आमच्या लेखी पुस्तकातली चित्रं. सायकल मात्र खरी होती. वडिलांची काळी हर्क्युलस माझ्या खांद्याइतकी उंच. नळीखालून एक पाय पलीकडे घालून कैची मारत मी ती शिकलो आणि गुडघ्यावरच्या खुणा आज साठी उलटल्यावरही जपून आहे.

ही आठवण निघाली ती दूरदर्शन संचापुढे. नाशिकला मुलीकडे गेलो होतो. जुलै महिना, म्हणजे ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचे दिवस. १९०३ साली सुरू झालेली ही शर्यत दोन महायुद्धांचा काळ सोडला तर दरवर्षी होते. मुलगी आणि जावई दोघेही सायकलवाले. रात्रीचं जेवण पडद्यापुढेच. दक्षिण फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगराची कथा जावई मला सांगत होते. उंची १,९०० मीटरच्या वर. बेदवाँ या गावाकडून चढायला लागलं की माथ्यापर्यंत सुमारे २१ किलोमीटर. पायथ्याला द्राक्षमळे, मग रान आणि शेवटी नुसता पांढरा दगड. झाड नाही, सावली नाही. १९६७ साली टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू भर उन्हात, माथा जवळ आलेला असताना, याच चढावर कोसळला आणि मरण पावला.

हेलिकॉप्टरमधून घेतलेली ती दृश्यं! हिरव्या वेलींच्या ओळी जणू कुणी फणीनं विंचरलेल्या. मी म्हणालो, “काय सुखी मुलूख आहे!” मुलगी हसली. “बाबा, असा मुलूख आमच्या दारात आहे. थंडीत या, सायकलवरून दाखवते.”

वाचकहो, नाशिकच्या सायकलवेडाला लहान समजू नका. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे भाऊ २०१५ साली दोघांच्या गटात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघाले आणि सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. दोनच वर्षांनी आमच्या विदर्भातल्या, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्यानं पार केली. अशांच्या शहरात माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्यानं सायकल मागायची म्हणजे संकोचच. पण मागितली.

२०२५ च्या डिसेंबरातली ती सकाळ. आम्ही दिंडोरीच्या रस्त्याला लागलो. पुढे वणी, मग नांदुरी आणि तिथून सप्तशृंगी गडाचा घाट, असा बेत. काही अंतर अर्थातच मोटारीनं, कारण उत्साहाला वय नसलं तरी गुडघ्यांना असतं. दिंडोरीच्या आसपास मात्र सायकलच. दोन्ही बाजूंना बागा, थंड वारा, धुक्यातून वर येणारे डोंगर. गिअर बदलताना माझा गोंधळ व्हायचा आणि मागून मुलीचा आवाज यायचा, “बाबा, आधी हलका करा, मग चढा!”

एका बागेपाशी मी उतरलो. दम लागला होता हे खरं कारण. बाग पाहायची होती हे सांगितलेलं कारण. काय हिरवीगार बाग होती! जुन्या सवयीनं हात पुढे गेला आणि मी पान उचललं. खाली घड नव्हता. दुसऱ्या वेलीचं उचललं, तिसऱ्या. बागाईतदार पाहत होते. जवळ येऊन म्हणाले, “शोधा काका. सापडला घड तर मलाही दाखवा.”

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्याही चित्रफितीत मिळालं नसतं. युरोपात वेलीची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात; तिथली वेल थंडीत झोपते. आपल्याकडे वेलीला झोप नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीत, डोळ्यांच्या आत, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो आणि त्याला त्या दिवसांत ऊन लागतं. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस आला. “ढग हटलेच नाहीत. काडी वाढली, पानं वाढली, घड जिरला. नुकसान झालं जूनमध्ये, कळलं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मधले चार महिने आम्ही औषधं मारतच होतो.” एकरी खर्च लाखांत. मी सवयीनं विचारलं, “कर्ज?” ते नुसते हसले. ते हसू मी ओळखतो. तीस-पस्तीस वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिलेलं आहे.

आणि तिथे उभ्या उभ्या मला १९८८ सालचा पावसाळा आठवला.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत मी पीककर्जाची पाहणी सायकलवरून करत असे. धुऱ्यापाशी सायकल आडवी टाकायची, वावरात शिरायचं, झाड हातानं हलवून पाहायचं. शेतकरी कंदुरीच्या गोष्टी सांगे, मुलीच्या लग्नाच्या सांगे आणि त्यातूनच विहिरीला पाणी किती हे कळे. पुढे बढती मिळाली, जीप मिळाली. त्या वर्षी पाऊस उदंड होता. एका शेतकऱ्यानं पीक बुडाल्याचं सांगून कर्जाला मुदत वाढवून मागितली होती. चिखल फार होता. मी जीप रस्त्यावरच थांबवली आणि काचेतून पाहिलं. पऱ्हाटी छातीइतकी उंच, काळीभोर हिरवी. अहवालात लिहिलं, ‘पीक समाधानकारक’.

पऱ्हाटी हिरवी होतीच. संततधार पावसानं तिची पाती आणि फुलं गळून गेली होती. बोंडच धरलं नव्हतं. सगळा जोर पाल्यात गेला होता. जवळ जाऊन एक फांदी वाकवली असती तरी दिसलं असतं. माझ्या दोन शब्दांवर अर्ज नामंजूर झाला आणि त्या माणसानं हप्ता भरण्यासाठी बैलजोडी विकली. पुढे तो शाखेत भेटला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, तुमी सायकलीवर येत होते तेव्हाच बरं होतं.”

हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बागेच्या बांधावर मुलीला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग स्वतः वाकून एक पान उचलून पाहू लागली.

रात्री घरी आल्यावर मी पुस्तकं उघडली. जुलैमध्ये ज्या मुलखाला मी ‘सुखी’ म्हटलं होतं, तो दक्षिण फ्रान्स काय आहे ते तरी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीनं तिथल्या वेलींची मुळं खाऊन टाकली होती. अमेरिकी वेलींच्या मुळांवर युरोपी वेलींची कलमं करून मळे पुन्हा उभे राहिले. आपल्याकडेही द्राक्षाचं कलम डॉगरिज या अमेरिकी खुंटावर करतात, मात्र पाणीटंचाई आणि क्षार सोसावेत म्हणून. मळे उभे राहिले, पण पुढे वाइनचे भाव कोसळले. साखर घालून केलेल्या नकली वाइननं भर टाकली. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए शहरात लाखो शेतकरी-मजूर रस्त्यावर आले. नारबॉन इथे सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. अखेर त्याच महिन्यात सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. आणि पुढच्याच महिन्यात, जुलै १९०७ मध्ये, टूर द फ्रान्सचे सायकलस्वार नीमहून तुलूझकडे त्याच मुलखातून गेले. वेली तेव्हाही हिरव्याच असणार.

म्हणजे हिरवा रंग हा काही पुरावा नव्हे. फ्रान्समध्ये नाही, दिंडोरीत नाही, दारव्हा तालुक्यातही नाही.

गडाच्या घाटाचं सांगायचं राहिलं. नांदुरीपासून वर सुमारे १० किलोमीटर. मी त्यातले फार तर तीन सायकलवर बसून काढले. उरलेला घाट हँडल धरून चालत, काही मोटारीत. मुलगी वाकून, दात आवळून चढत होती. चढ कुणाची रदबदली ऐकत नाही. डॉक्टर असो, अधिकारी असो, प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यावं लागतं. वरून खाली पाहिलं तेव्हा बागांचे चौकोन पुन्हा तसेच सुंदर दिसले, पडद्यावर दिसले होते तसे. पण आता कुठल्या तरी चौकोनात ते बागाईतदार उभे होते, हे मला ठाऊक होतं.

बोरी अरबला परतल्यावर वडिलांची हर्क्युलस उतरवली. टायर-ट्यूब नवी, ब्रेक नवे, घंटी जुनीच. सकाळी तीन-चार किलोमीटर जातो. ओळखीचे विचारतात, “या वयात शौक लागला का, भाऊ?” मी हो म्हणतो. मग कुणाच्या तरी धुऱ्यापाशी सायकल आडवी टाकतो आणि वावरात शिरतो. आता माझ्या हातात अहवाल नाही, सहीचा अधिकार नाही. पण झाड हातानं हलवून पाहतो. शेतकरी बोलू लागतो, आणि या वेळी मला कुठे जायची घाई नसते.