आकाशाचें पांघरूण

पौष महिन्यांत आभाळ निरभ्र असलें म्हणजे पहांटे थंडी कडक पडते. तेंच रात्रीं ढग आले कीं हवा उबदार राहते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. दिवसा सूर्यापासून मिळालेली उष्णता जमीन आकाशाकडे परत पाठवीत असते व ढग तिला अडवितात, हें त्याचें कारण होय. परंतु ढग नसतांना ही उष्णता सर्वस्वीं मोकळी सुटते काय?

इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल यांनीं लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगापलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथेंच उष्णता अधिक भरली! हे अदृश्य किरण म्हणजे अवरक्त किरण. वस्तु जितकी तप्त, तितक्या तिच्या किरणांच्या लहरी आंखूड. सूर्याचे किरण अर्ध्या मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोनहजारांशाच्या, आसपास प्रखर असतात. पृथ्वीचे दहा मायक्रॉनच्या आसपास.

१८५९ पासून जॉन टिंडाल यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, नत्रवायु व प्राणवायु या उष्णताकिरणांस वाट देतात. पाण्याची वाफ आणि कर्बद्विप्राणिद, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, मात्र त्यांस शोषून घेतात.

१९७० सालीं ‘निंबस–४’ या उपग्रहानें हेंच वरून मोजलें. सहारा वाळवंटावर ८ ते १२ मायक्रॉनच्या दरम्यान जणूं खिडकी उघडी होती. तिच्यांतून तप्त वाळूचें सुमारें ४७ अंश उष्णतामान दिसलें. १५ मायक्रॉनपाशीं मात्र आलेखांत खोल खड्डा पडला होता. तेथें जमिनीचे किरण कर्बद्विप्राणिदानें गिळलेले होते, व वर पोंचत होते ते केवळ उणें ५३ अंशांच्या थंड हवेचे किरण.

हें पांघरूण नसतें, तर पृथ्वीचें सरासरी उष्णतामान १५ अंशांऐवजीं उणें १८ अंश राहिलें असतें. म्हणून तें आपणांवर उपकारच करतें. पण दगडी कोळसा व तेल जाळून आपण तें जाड करीत आहों. १९५८ सालीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें ३१५ भाग होते. २०२४ सालीं ते ४२० हून अधिक झाले. १९७० व १९९७ सालच्या उपग्रहांच्या नोंदी जॉन हॅरिस व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें ताडून पाहिल्या, तेव्हां या वायूच्या व मिथेनच्या पट्ट्यांत बाहेर जाणारी उष्णता घटल्याचें आढळलें.

पांघरुणाची ऊब सुखाची खरी. परंतु तें काढून ठेवणें आपल्या हातीं नसेल, तर आणखी एक ओढण्यापूर्वीं विचार करावा, हेंच शहाणपणाचें.