फुटबॉलचा संघ गावाचा केव्हा होतो?

२०१४-१५ च्या हंगामात पुण्यात मुक्काम असलेले आणि देशाच्या अव्वल स्पर्धांत खेळणारे फुटबॉलचे तीन संघ होते. लवकरच चौथ्याची भर पडली. आणि २०१९ चा पावसाळा सरला तेव्हा त्या चारांपैकी एकही शिल्लक नव्हता. कोलकाता, गोवा, केरळ ही या खेळाची माहेरघरे. तेथे संघ येतात-जातात त्याचे कोणी विशेष मानीत नाही. परंतु क्रिकेटच्या या गावाला एका वेळी तीन संघ लाभावेत आणि पाच वर्षांत पाटी कोरी व्हावी, ही गोष्ट वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर सोडून देण्याजोगी नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. त्या फाटकांवर जे पाहिले त्याच्याशी या चार संघांची हकीकत फार जुळते, म्हणून ती येथे मांडीत आहोत.

पहिला पुणे एफसी. पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली तो उभारला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २००९-१० मध्ये तो आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या देशातील सर्वोच्च साखळीत दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा हे त्याचे प्रशिक्षक. २०१२-१३ मध्ये तर या संघाने दुसरा क्रमांक मिळविला. पुढे होता तो एकटा चर्चिल ब्रदर्स. याहून मोलाचे काम म्हणजे संघाने मुलांसाठी अकादमी चालविली आणि तेथील मुलांनी वयोगटाची आय-लीग जिंकून दाखविली. असा हा संघ २०१५ साली स्पर्धेतून काढून घेण्यात आला. पुढच्या वर्षी अकादमी दुसऱ्या संघाच्या हवाली झाली. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला, तळाशी राहिला आणि मिटला. शिवाजियन्स हे १९८७ पासूनचे पुण्यातील मंडळ. डीएसके या बांधकाम व्यवसायातील समूहाने त्याच्यामागे आपले नाव लावून २०१५ मध्ये त्याला आय-लीगमध्ये नेले. दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, तोही संपला.

चौथ्याची कथा अधिक झगमगीत आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा वाधवान समूहाने इटलीच्या फियोरेंतिना क्लबाला भागीदार करून एफसी पुणे सिटी हा संघ काढला. हृतिक रोशन सहमालक, फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे पहिल्या वर्षीचा खेळाडू, बोधचिन्हावर घोडा, रंग जांभळा आणि नारिंगी. बालेवाडीच्या गॅलरीत नारिंगी सदरे घालून ढोल बडविणारी तरुण मंडळी स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवीत. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि आल्फारो यांच्या जोडीने संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. ७ मार्च २०१८ रोजी पुण्यात बंगळुरूशी गोलशून्य बरोबरी झाली. चार दिवसांनी बंगळुरूला सुनील छेत्रीने तीन गोल घालून पुण्याला ३-१ असे परतविले. पुण्याच्या फुटबॉलने गाठलेला मोठा टप्पा म्हणून ते दोन सामने सांगता येतील. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, संघ विसर्जित झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. काही खेळाडू तिकडे गेले, त्यांत मार्सेलिन्योही होता. हैदराबादने २०२२ साली लीग जिंकली. आणि २०२५ मध्ये मालकांनी तो संघही दिल्लीस हलवून त्याचे नाव बदलले. ज्या दिल्लीला तो गेला, त्या दिल्लीचा पहिला संघ २०१९ सालीच ओडिशाला गेला होता. साखर कारखान्याची यंत्रे मोडून दुसऱ्या जिल्ह्यात नेतात, तसा हा प्रकार.

आता यात दोष कोणाचा? मालकांना शिव्या देणे सोपे आहे आणि आमच्या पेशात ते शोभूनही दिसेल. पण चारही मालकांनी कोट्यवधी रुपये घातले, परत फारसे काही आले नाही, आणि धंद्याचे गणित चुकल्यावर कोणीही व्यापारी करतो तेच त्यांनी केले. प्रश्न वेगळाच आहे. मोठा कारखाना बंद करावयाचा तर मालकाला कायद्याने सरकारकडे परवानगी मागावी लागते, कामगारांची देणी मोजावी लागतात, संघटना मध्ये उभी राहते. फुटबॉलचा संघ बंद करण्यास वर्तमानपत्रांसाठी काढलेले एक पत्रक पुरते. गावाचे नाव त्याच्या छातीवर असते. पण गावाला विचारण्याची तरतूद कोणत्याच कागदात नसते.

कंपनीने संघ बाळगणे ही नवी चाल आहे असेही नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षे आपल्या फुटबॉलची वैभवाची. १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदके आली. त्या काळचे पुष्कळ खेळाडू कोठे ना कोठे नोकरीला होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे. त्यांच्या संघाने १९५८ मध्ये कोलकात्याची लीग मोहन बागान, ईस्ट बंगाल यांच्या हातून काढून घेतली. त्या व्यवस्थेत पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी नोकरी राहत होती. भविष्यनिर्वाह निधी होता, निवृत्तीवेतन होते. पुढे गिरण्या आणि कंपन्या यांचे संघ आले. पहिली राष्ट्रीय लीग १९९६-९७ मध्ये जिंकणारा फगवाड्याच्या जेसीटी मिलचा संघ २०११ मध्ये बंद झाला. २००५-०६ ची लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये. आजचा खेळाडू एक, दोन, तीन वर्षांच्या करारावर खेळतो. त्याला पैसा पूर्वीपेक्षा अधिक मिळतो, हे मान्य करावेच लागेल. पण तिशी उलटल्यावर त्याचे काय, हे कराराच्या शेवटच्या पानावर लिहिलेले नसते. खेळाडूंनी आपली संघटना २००६ साली बायचुंग भुतिया याच्या पुढाकाराने काढली. इंग्लंडात तशी संघटना १९०७ पासून आहे आणि खेळाडूच्या आठवड्याच्या पगारावरची वीस पौंडांची मर्यादा उठविण्यास तिला १९६१ साल उजाडावे लागले. संघटना थकलेला पगार वसूल करू शकते. बंद होणारा संघ चालू ठेवणे तिच्या हातचे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मग हातचे कोणाच्या? यासाठी फार दूर जावयास नको, कोल्हापूरपर्यंत गेले तरी पुरे. तेथे संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. पैलवानांच्या तालमी, पेठेपेठेतील तरुणांचे अड्डे, त्यांनीच फुटबॉल उचलला. राजघराण्याचा आश्रय होता, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुपारपासून गॅलरी भरू लागते. तिथला मुलगा संघ निवडत नाही. तो ज्या गल्लीत जन्मला तोच त्याचा संघ. याचे तोटेही आहेत. हाणामाऱ्या होतात, अलीकडे परदेशी खेळाडू आणून जिंकण्याची चढाओढही लागली आहे, आणि एवढी हौस असूनही देशाच्या वरच्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ दिसला नाही. अनिकेत जाधव हा तिथलाच मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे मोठे होण्यासाठी त्याला कोल्हापूर सोडावे लागले. एवढे असले तरी खंडोबा तालीम एखाद्या मालकाने पत्रक काढून बंद केली, अशी बातमी कोल्हापूरकराला ऐकवून पाहा. ती त्याला कळणारच नाही.

एका बंद पडलेल्या कारखान्यातील मंडळींचा कबड्डीचा संघ आमच्या पाहण्यात होता. कंपनीने दिलेले सदरे परत मागितले नाहीत, एवढीच कंपनीची आठवण उरली. पोरांनी सदऱ्यावरचे नाव उसवून वस्तीचे नाव शिवले आणि पुढे बरीच वर्षे खेळत राहिली. खर्च होता तरी किती? चहा, बसभाडे आणि प्रवेश फी.

फुटबॉलची जगातील नामांकित नावे अशाच वर्गणीतून निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. लंडनजवळ वुलिचलाही तसाच सरकारी कारखाना होता. तेथल्या कामगारांनी १८८६ साली सहा-सहा पेन्स काढून चेंडू आणला, तो आजचा आर्सेनल. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये रेल्वेच्या डबे दुरुस्त करणाऱ्या कामगारांनी काढला. पुढे दोन्ही धनिकांच्या हाती गेले. आर्सेनलला तर मालकाने १९१३ मध्ये वुलिचहून उचलून लंडनच्या दुसऱ्या टोकाला नेले. जर्मनीने या बाबतीत शहाणपणा केला आहे. तेथे १९९८ पासून नियम असा की क्लबाने खेळासाठी कंपनी काढली तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेनसारख्या, कारखान्यातूनच जन्मलेल्या संघाला अपवाद केला, पण नियम मोडला नाही.

पुण्याला ही विद्या परकी आहे काय? १८९३ पासून पेठेपेठेतील गणपती पावती-पुस्तकावर बसतो. गुरुजी तालीम हे नाव तर तालमीचेच. १८७५ साली रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही आहे. १९०६ चे डेक्कन जिमखाना सभासदांचे आहे, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठविण्याच्या खटपटीत ते पुढे होते. संस्था कशी टिकवावी हे या शहराला शिकवावे लागत नाही. फुटबॉलच्या बाबतीत मात्र आपण प्रेक्षक राहिलो. मैदानही पेठांपासून दूर, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या संकुलात. शनिवारातला माणूस सामना पाहून रात्री घरी कसा यावा, याचा विचार तिकीट विकणाऱ्याने केला नव्हता.

कोणी म्हणेल, वर्गणीवर सुपर लीग चालत नाही. बरोबर आहे, चालत नाही. म्हणून सुरुवात तेथून करू नये. लंडनमधील विम्बल्डनचा संघ मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात नेण्याचे ठरविले, आणि २००२ च्या मे महिन्यात त्यास परवानगीही मिळाली. चाहत्यांनी त्याच जूनमध्ये गावच्या सार्वजनिक माळावर खेळाडूंची खुली चाचणी घेतली, स्वतःचा क्लब नोंदविला आणि अगदी खालच्या लीगमधून खेळावयास प्रारंभ केला. इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये परत यावयास त्यांना २०११ साल उजाडले. नऊ वर्षे.

पुण्यातही जिल्हा संघटनेची साखळी आहे, कॅम्प-खडकीत या खेळाची जुनी हौस आहे, ढोल वाजविणारी ती नारिंगी पोरे अजून याच शहरात नोकऱ्या करीत आहेत. संस्थेची रीतसर नोंदणी व्हावी, नाव आणि बोधचिन्ह संस्थेच्या मालकीचे राहावे, पुरस्कर्ता कंपनी असली तर तिने सदऱ्याच्या पाठीवर जाहिरात करावी. वर्गणी किती ठेवावी यावर वाद होतील, ते होऊ द्यावेत. पहिल्या सभेत एवढे मात्र घटनेत लिहून घ्यावे, की सभासदाने शंभर रुपये दिलेले असोत की लाख, मत एकच. आणि संघ बंद करणे वा गावाबाहेर नेणे हा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आल्याखेरीज कोणालाही करता येणार नाही.