व्हिडिओ थांबवता येतो, पण पायरी? : घरी शिकताना भूमिती

घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून एक वाक्य मी सारखं ऐकते : ‘ऑनलाइन आहे ना सगळं, ती तिच्या गतीनं शिकेल.’ बीजगणितात हे बऱ्यापैकी चालून जातं. एखादी रीत कळली नाही, तर व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघायचा, दहा उदाहरणं सोडवायची. भूमितीत तेवढ्यानं भागत नाही. का, ते आज सांगते.

माझ्या ओळखीची एक मुलगी कणकवलीत घरी शिकते. वय १४. बालभारतीचं नववीचं गणित भाग २ मोबाइलवर उतरवून घेतलंय, खान अकॅडमीचे व्हिडिओ आणि जिओजेब्रा आहेच. पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवते. चौकोनांचं प्रकरण तिनं दोन आठवड्यांत संपवलं. मी सहज विचारलं, चौरस हा आयत असतो का? उत्तर आलं, ‘नाय गो मावशे, चौरस येगळो नि आयत येगळो.’

हे उत्तर ‘चूक’ म्हणून सोडून देऊ नका. त्यातून बरंच कळतं.

नेदरलँड्समध्ये डिना आणि पियरे व्हॅन हिले हे शिक्षक जोडपं होतं. शाळेत भूमिती शिकवताना मुलं नेमकी कुठं अडतात, यावर दोघांनी १९५७ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केले. त्यांचं म्हणणं असं, की भूमितीची समज पायऱ्यांनी वाढते. आधी मूल आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं. मग त्याला गुणधर्म दिसतात : बाजू समान, कोन ९० अंशांचे. पुढच्या पायरीवर गुणधर्मांचे आपसातले संबंध कळतात, आणि तेव्हा चौरस हा आयतच असतो हे पटतं. सिद्धता त्याच्याही पुढे येते. मधली पायरी गाळता येत नाही आणि नुसतं वय वाढून ती चढताही येत नाही.

त्यांचा आणखी एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेगवेगळ्या पायऱ्यांवरची दोन माणसं शब्द तेच वापरतात, पण बोलतात वेगळ्या भाषांत. व्हिडिओतला शिक्षक ‘म्हणून’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात तर्काची साखळी असते. मुलीला तो नुसता पुढच्या ओळीआधीचा शब्द वाटतो. व्हिडिओ अर्ध्या वेगानं लावला तरी परकी भाषा सावकाश ऐकू येईल, एवढंच. शाळेतही हेच होतं, त्यामुळे शाळा सोडली म्हणून बिघडलं असं समजू नका. अमेरिकेत शॅरन सेंक यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की वर्षभर भूमिती शिकूनही सुमारे ३० टक्केच मुलांना सिद्धता लिहिणं नीट जमलं होतं.

मग करायचं काय? कोकणात चिऱ्याच्या घराचा पाया आखताना गवंडी समोरासमोरच्या बाजू सारख्या ठेवतो, मग टेपनं दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण जुळले की पाया काटकोनात. जिओजेब्रात हाच चौकोन काढून ओढूनताणून बघा, कर्ण सारखे झाले की कोन ९० दाखवतो. आता मुलीला ‘सिद्ध कर’ म्हणालात तर ती म्हणेल, दिसतंय की! तिचं बरोबरच आहे. मायकेल डी व्हिलियर्स हे अभ्यासक म्हणूनच सांगतात, की सिद्धता खात्रीसाठी नव्हे, ‘असं का होतं’ हे समजण्यासाठी मागावी.

तर विचारा, कर्ण मोजून कोनाचं कसं काय कळतं? चौकोन अबकड घ्या. त्रिकोण अबक आणि त्रिकोण डकब यांच्यात अब = डक, बक सामाईक, आणि कर्ण अक = डब. बाबाबा कसोटीनं त्रिकोण एकरूप. म्हणून कोन ब आणि कोन क सारखे. समोरासमोरच्या बाजू सारख्या, म्हणजे हा समांतरभुज चौकोन. त्याच्या लगतच्या दोन कोनांची बेरीज १८०. म्हणजे प्रत्येकी ९०. हे तिनं पुस्तक मिटून तोंडी सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक ‘म्हणून’पाशी ‘कशावरून?’ विचारायचं. ऐकणाऱ्याला भूमिती यायलाच हवी असं नाही. आजी चालेल.

स्वतःच्या गतीनं शिकण्याचा प्रयोग काही इंटरनेटनं आणलेला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये अशी एक पद्धत मांडली. छोटे घटक, प्रत्येकानंतर चाचणी, पास झाल्याशिवाय पुढचा घटक नाही, नापास झालात तर पुन्हा द्या, दंड नाही. शिवाय चाचणी तपासून लगेच बोलणारा, थोडा पुढे गेलेला विद्यार्थी सोबतीला. निकाल चांगले आले. दुखणं एकच, चालढकल. तारीखच नसली की बरीच मुलं रेंगाळायची, काही सोडूनही द्यायची. आज ‘आपल्या गतीनं’ म्हणताना आपण केलरची मोकळीक घेतो, पण चाचणी आणि सोबती विसरतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त घोळ इथंच आहे.

तारीख परीक्षेकडून मिळते. एनआयओएसच्या दहावीत नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात, त्यामुळे एक पायरी चढायला सहा महिने लागले तरी बिघडत नाही. राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून द्यायची असेल, तर हिशोब वेगळा. तिथं भूमितीचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. तेव्हा निदान शेवटचे तीन महिने व्हिडिओ बाजूला ठेवून, घड्याळ लावून कागदावर सिद्धता लिहायला बसवा.