मोटारींतील पुढील व मागील हवेची व्यवस्था : दोष कसा ओळखावा

हल्लीं सात-आठ माणसांच्या मोटारी पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं आहेत, व त्यांपैकीं बऱ्याच मोटारींत मागील बैठकीकरितां थंड हवेची निराळी सोय असते. वैशाखांत आजारी माणसास दवाखान्यांत नेतांना मागील बाजू थंड होत नसेल, तर ती नुसती गैरसोय राहत नाहीं. शिवाय दोष कोठें आहे हें मालकास न कळल्यास, साध्या सफाईच्या कामाकरितां नवा कॉम्प्रेसर घेण्याची पाळी येते. म्हणून दोष क्रमानें कसा शोधावा, हें येथें थोडक्यांत देत आहों.

रचना.— इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर बहुधा एकच असतो. तो वायूस दाबून रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्यें पाठवितो. तेथें उष्णता बाहेर जाऊन वायूचा द्रव होतो. पुढें नळीस दोन फांटे फुटून एक पुढील व दुसरा मागील कूलिंग कॉइलकडे जातो. प्रत्येक फांट्यावर एक्स्पॅन्शन व्हॉल्व्ह व प्रत्येक कॉइलपाशीं स्वतंत्र ब्लोअर असतो. ही योजना पाटाच्या पाण्यासारखी आहे. दोन्ही वाफे कोरडे राहिले तर दोष विहिरीवर किंवा मुख्य पाटांत. एकच राहिला तर बहुधा त्याच्या दांडांत.

परीक्षा.— वारा मुळींच येत नाहीं, कीं येतो पण थंड नाहीं, हें प्रथम ठरवावें. वारा येत नसल्यास त्या बाजूच्या ब्लोअरचा फ्यूज व बटण पाहावें. पुष्कळ मोटारींत पुढील एसी सुरू केल्यावांचून मागील चालतच नाहीं. वारा मंद असल्यास पुढील गाळणी धुळीनें भरली आहे काय, व मागील हवा ओढणारी जाळी पोत्यांनीं झांकली आहे काय, तें पाहावें.

दोन्हीकडे वारा येतो पण थंड नाहीं, अशा वेळीं कंडेन्सर पाहावा. मळणीचें भूस व कापसाचे तंतु त्यांत अडकतात. ते हलक्या धारेनें धुवावे. मोटार धांवतांना थंड व उभी राहतांच उष्ण, असें झाल्यास कंडेन्सरचा पंखा तपासावा. कॉम्प्रेसरचा क्लच लागत नसेल, तर वायु कमी असणें किंवा विजेचा दोष संभवतो.

एकच बाजू उष्ण असल्यास तेथील व्हॉल्व्ह, कॉइल, किंवा गरम-थंड हवा मिसळणारी झडप यांवर संशय घ्यावा. तथापि पाणी कमी पडल्यास जसा एखादाच वाफा सुकतो, तसाच वायु कमी झाल्यास एकाच बाजूस दोष भासूं शकतो. म्हणून सुटा भाग बदलण्यापूर्वीं दाब मोजून घ्यावा. वायु वापरानें संपत नाहीं. कमी झाला म्हणजे तो गळला. सांध्यावर तेलाचा डाग दिसल्यास गळती तेथेंच समजावी. गळती न शोधतां पुनः वायु भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

उष्ण हवा.— ही इंजिनाच्या गरम कूलंटापासून मिळते. आपल्याकडील बहुतेक मोटारींत मागील सोय केवळ थंडाव्याची असते, हें लक्षांत ठेवावें. ज्यांत मागेंही हीटर आहे, तेथें पुढें ऊब व मागें गारवा असल्यास लांब नळींत हवा अडकली असावी किंवा तेथील झडप बंद असावी. दोन्हीकडे ऊब नसल्यास कूलंटची पातळी व थर्मोस्टॅट पाहावा. कांच धुरकट होऊन गोडसर वास आल्यास हीटर गळतो आहे.

सावधगिरी.— गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये. वायूची नळी स्वतः सोडूं नये. त्या वायूनें कातडी व डोळे गोठून इजा होते. बंद जागेंत इंजिन चालूं ठेवून मोटारींत कदापि निजूं नये. त्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

कारागिराकडे जातांना कोणती बाजू, केव्हांपासून, उभ्या मोटारींत कीं धांवत्या, एवढ्या गोष्टी कागदावर लिहून न्याव्या, व वायु वजनानें किती भरला तें बिलावर नोंदवून घ्यावें. पुढील खेपेस तीच नोंद उपयोगी पडते.