कागदावरची संस्था आणि गावकीची संस्था

डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातील माळशेज घाटाच्या वाटेवरचे गाव. जुन्नर-आंबेगावच्या या टापूतून कित्येक पिढ्या मुंबईस पोटासाठी गेल्या. जिरायती शेतीने वर्ष निभत नसे. जाणाऱ्याजवळ भांडवल बहुधा एकच असे, ते म्हणजे आधी गेलेल्या गाववाल्याचा पत्ता.

गिरणीत माणसे नेमण्याचा अधिकार कागदोपत्री व्यवस्थापकाचा होता; प्रत्यक्षात तो जॉबरच्या हाती असे. जॉबर आपल्या गावची, भावकीची माणसे आणी, अडीनडीला कर्ज मिळवून देई आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले व भरतीचे काम जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली. तरीही जॉबरचे वजन एकदम ओसरले नाही. कारण उघड आहे. आजारपणात वा संपात कामगाराला हात देणारी दुसरी व्यवस्था नव्हती. नियमाने जागा मोकळी केली. ती भरून मात्र काढली नाही.

हा केवळ मागासलेपणाचा अवशेष होता काय? तसे म्हणता येत नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली चौदा कामगारांच्या एका खोलीचे निरीक्षण करण्यात आले. अधिक कामाला अधिक वेतन मिळत असूनही दिवसाचे काम किती, हे कामगारांनी आपसांत ठरविले होते आणि त्याहून अधिक करणाऱ्याची ते टवाळी करीत. कारखाना अत्याधुनिक असला, तरी त्याच्या पोटात दुसरा, अलिखित कारखाना चालूच होता.

अशा अलिखित व्यवस्थेचे उजळ रूप मुंबईच्या डबेवाल्यांत दिसते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतून आलेल्या या मंडळींच्या संस्थेची रीतसर नोंदणी १९५६ मध्ये झाली. पण धंदा त्यापूर्वी कित्येक दशके चालू होता. एक डबा अनेक हातांतून जातो. प्रत्येक हातावर पहारा ठेवणे परवडणारे नाही. तो पहारा गावाकडची अब्रू करते. मुंबईत केलेली कुचराई जत्रेपूर्वीच गावात पोहोचते. अर्थशास्त्राच्या भाषेत, विश्वास हा येथे खर्च वाचविणारा घटक आहे.

मात्र जे जाळे आतल्याला सावरते, तेच बाहेरच्याला अडविते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी तुलनेने चांगली होती. परंतु तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीवर सवर्ण कामगार अस्पृश्यांना तेथे येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ही बंदी कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती मोडणे अवघड होते.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. तरी कंत्राटी कामाची जागा कोणाच्या तरी ओळखीनेच कळते, आणि कचेरीतील नवख्या कारकुनाला नियमपुस्तकापेक्षा शेजारचा सहकारीच अधिक शिकवितो. ओळख नाहीशी करता येणार नाही, करूही नये. परंतु काम शिकविण्यास, संकटात सावरण्यास ती असावी. दार उघडण्याचा अधिकार तिच्याकडे नसावा. जागा जाहीर व्हावी, निवडीचे निकष लेखी असावेत. ज्या मुलाचा कोणीही गाववाला आधी शहरात गेलेला नाही, त्याच्यासाठी नियम हाच एकमेव गाववाला असतो.